बर्फावर ऊन म्हणजे पाऊस: एप्रिल-मेच्या हिमालयासाठी

एप्रिल उजाडला की वास्कोहून निजामुद्दीनला निघणाऱ्या गोवा एक्सप्रेसमध्ये रकसॅक घेतलेली आपली मुले दिसू लागतात. सत्तरी तालुक्यातले डोंगर पायाखालचे झाले, आता बर्फ बघायचा. हौस चांगली, फक्त आपली एक सवय तिथे घात करते.

चोर्ला घाटात दरड कशी येते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. दोन-तीन दिवस झोडपले की माती पाणी पिते, पकड सुटते. ऊन पडले की आपल्याला हायसे वाटते. बर्फाच्या उतारावर नेमके उलटे. तिथे ऊनच पाऊस. वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जड झालेला ओला बर्फ खाली येतो. थांबला की सिमेंटसारखा आवळून बसतो.

आदल्या संध्याकाळी गाईडला विचारा: उद्या कुठले उतार ओलांडायचे, त्यांचे तोंड कुठल्या दिशेला आणि ते किती चढे? ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. मोबाईलवरच्या कोनमापक ॲपने अंदाज येतो. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तेही पाहा. नुकताच बर्फ पडला असेल, तर एक-दोन दिवस मुक्काम वाढवा. ताज्या बर्फानंतरचा पहिला लख्ख दिवस फोटोंना फार छान, चालायला वाईट.

रात्री तंबूबाहेर येऊन आकाश बघायला विसरू नका. टिपूर चांदणे असेल तर उष्णता वर निघून जाते आणि ओला बर्फ पुन्हा कडक गोठतो. ढगांची गोधडी पसरली असेल तर गोठत नाही. मग पहाटे लवकर निघूनही उपयोग नाही. अशा वेळी बेत बदलावा.

गोठला असेल, तर अंधारातच निघा. ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर येते, मग दक्षिणेकडच्या, दुपारी पश्चिमेकडच्या. ते येण्याआधी आपण पलीकडे हवे. पहाटे अडीचला तिथे भाजी-पाव मिळत नाही, चणे-गूळ रात्रीच खिशात भरा. आमच्यातल्या एकाच्या चहापायी एकदा तासभर गेला आणि परतताना नऊलाच बूट घोट्यापर्यंत रुतू लागले.

घड्याळापेक्षा खुणा खऱ्या. बूट नडगीपर्यंत रुतणे, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळणे, शेजारच्या उतारावर ताजी घसरण, पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन भेग पडणे: यातले काहीही दिसले की मागे फिरा. खिंड अर्ध्या तासावर राहिली असली तरीही. पैसे भरलेत, हा मुद्दा बर्फाला कळत नाही.

संशयाचा उतार एकेकट्याने ओलांडा. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. रकसॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा. नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, किंवा उताराच्या पायथ्याशी बसून डबा उघडू नका. हा धोका फक्त ट्रेकरांना असतो असेही नाही: ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले.

सापडलातच, तर ओरडा, काठ्या सोडा, कडेला सरकायची धडपड करा. वेग मंदावताच हात तोंडापुढे धरून श्वासापुरती पोकळी ठेवा. वर राहिलेल्यांनी, पुन्हा घसरण होत नाही ना हे बघून, गाडला गेलेला सोबती शेवटचा दिसला तिथपासून उताराच्या खालच्या दिशेने लगेच शोध सुरू करावा. पहिली १०-१५ मिनिटेच जीव वाचवण्याची, बचाव पथक तेवढ्यात पोहोचत नाही. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव सांगणारे रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडे हवे. बुकिंग करतानाच आयोजकाला विचारा, यातले तुम्ही काय देता.