गोल्फमध्ये फटका फेसच्या मध्यावर बसतो का, हे कसे ओळखावे आणि कसे सुधारावे

मराठवाड्यात गोल्फ शिकणाऱ्याला प्रशिक्षक किंवा चेंडूचा वेग मोजणारे यंत्र सहजी मिळत नाही. बहुतेकांचा सराव गच्चीवर नाहीतर मोकळ्या रानात बांधलेल्या जाळीत चालतो. जाळीत चेंडू काही हातांवरच अडतो, त्यामुळे तो पुढे कुठे वळला असता हे दिसत नाही. मात्र चेंडू क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) फेसवर, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या बाजूवर, नेमका कुठे लागला, हे तिथेही पक्के कळू शकते, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. पुढील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलटे समजावे.

प्रथम फेस कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा आणि त्यावर अंगाला लावायच्या पावडरीचा अगदी पातळ हात फिरवावा. थर जाड झाला तर घर्षण घटते आणि चेंडूची फिरकी बदलते. पावडर नसल्यास चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढून तो फेसकडे ठेवावा. फटका बसताच तो फेसवर उमटतो. एकच क्लब, शक्यतो सात नंबरचा आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब), घेऊन दहा चेंडू मारावेत आणि प्रत्येक फटक्यानंतर खूण वहीत टिपून फेस पुन्हा पुसावा. एकदोन खुणांवरून काहीच ठरवू नये. दहापैकी सहा-सात खुणा एकाच बाजूला पडल्या, तरच तो आपला दोष मानावा.

आता या खुणांचा अर्थ पाहू. शाफ्टला, म्हणजे क्लबच्या दांड्याला, जोडलेल्या बाजूला हील आणि बाहेरच्या टोकाला टो म्हणतात. फटका क्लबच्या डोक्याच्या गुरुत्वमध्याच्या रेषेत बसला नाही, तर डोके पिळले जाते: टोकडे बसल्यास फेस उघडतो, म्हणजे उजवीकडे वळतो, आणि हीलकडे बसल्यास मिटतो. दोन्ही वेळा चेंडूला मिळणारा वेग घटतो. आयर्नचा गुरुत्वमध्य फेसच्या अगदी जवळ असल्याने टोच्या बाजूला लागलेला चेंडू बहुधा थोडा उजवीकडे जाऊन कमी अंतरावर पडतो.

ड्रायव्हरचे, म्हणजे लांब फटक्यासाठीच्या मोठ्या डोक्याच्या क्लबचे, गणित मात्र निराळे आहे, आणि माणूस फसतो तो इथेच. त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. त्यामुळे डोके पिळताना फेस आडवा सरकतो आणि चेंडूला उलट दिशेने फिरवतो. रसवंतीच्या चरकात दात्यांचे एक चाक एका बाजूला फिरले की त्यात अडकलेले दुसरे विरुद्ध बाजूला फिरते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून ड्रायव्हरच्या टोच्या बाजूला लागलेला चेंडू उजवीकडे निघून डावीकडे वळतो, तर हीलला लागलेला डावीकडे निघून उजवीकडे वळतो. ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर ठेवतात तो यासाठीच, की आधी बाजूला निघालेला चेंडू वळून परत मधल्या रेषेकडे यावा. उजवीकडे वळणारा प्रत्येक चेंडू म्हणजे स्विंगचा (क्लब फिरवण्याचा) दोष असे धरून कित्येक जण ग्रिप, म्हणजे क्लबची पकड, बदलत बसतात, आणि फटका मात्र रोज हीलवरच बसत असतो. हैदराबादला गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगतच्या मैदानावर किंवा पुण्यात येरवड्याला खेळण्याचा योग आला, तर उड्डाण आणि खूण दोन्ही एकत्र ताडून पाहावीत.

क्लब हातात वळला म्हणून मूठ आवळणे हा उपाय नव्हे. मीही एक हंगाम तेच केले आणि तळहाताला फोड आणून घेतले. चेंडू फेसवर सुमारे 0.0005 सेकंदच असतो. पिळाची जाणीव हातापर्यंत पोहोचते, तोवर चेंडू निघून गेलेला असतो.

खरा उपाय उभे राहण्यात आणि तोल सांभाळण्यात आहे. खुणा टोकडे असतील, तर आपण चेंडूपासून लांब उभे आहोत, की फटक्याच्या क्षणी शरीर वर उचलून हात आखडतो, हे तपासावे. हीलकडे असतील, तर आपण फार जवळ उभे असतो किंवा वजन पायांच्या बोटांवर झुकून हात पुढे फेकले जातात. एका वेळी एकच बदल, तोही बोटभर अंतराचा, करून पुन्हा दहा चेंडू मारावेत. त्यानंतर चेंडूच्या दोन्ही बाजूंना, क्लबचे डोके जेमतेम मधून जाईल इतके अंतर सोडून, थर्माकोलचे दोन तुकडे ठेवावेत आणि त्यांना धक्का न लावता फटका मारण्याचा सराव करावा. यासाठी एरवी लाकडी टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, रोवतात. पण उन्हाळ्यात आपली काळी जमीन इतकी कडक होते की टी आत जात नाही, आणि चटईवर तर प्रश्नच नाही. खुणा हीलकडे असेपर्यंत उजव्या हाताला कोणालाही उभे राहू देऊ नये, कारण शाफ्टच्या जोडावर लागलेला चेंडू जाळी चुकवून तिकडेच सुटतो.

ड्रायव्हरची खूण फेसच्या तळाशी असेल, तर चेंडू खाली राहून त्याला उलटी फिरकी जास्त मिळते. टी थोडी उंच करावी.

क्लब निवडतानाही हा पीळ लक्षात ठेवावा. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने 1959 साली पुटरचे (चेंडू छिद्राकडे ढकलायच्या क्लबचे) वजन हील आणि टोकडे वाटून दिले, तेव्हा तो कमी पिळू लागला. पाठ पोकळ असलेले आजचे आयर्न याच तत्त्वावर बनतात. ड्रायव्हरच्या डोक्याला नियमाने 460 घन सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि पिळाला होणाऱ्या विरोधावरही कमाल मर्यादा आहे. नवशिक्याने जुन्या बाजारातले पातळ पात्याचे आयर्न स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

पुटरसाठी मात्र पावडरीचीही गरज नाही. फेसवर मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रबरबँड गुंडाळावा आणि मधल्या मोकळ्या जागेने चेंडू ढकलावा. रबराला लागलेला चेंडू तिरका जातो आणि छिद्राच्या अलीकडेच थांबतो.