महागडी इलेक्ट्रिक गाडी घेताय? या चुका टाळा

लोकांची आयकर विवरणपत्रं भरणं हा माझा धंदा. कोणाचा पगार किती आणि हप्ते किती, हे रोज डोळ्यांसमोर असतं. जानेवारी २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूची लांब आकाराची इलेक्ट्रिक आयएक्स१ ४९ लाखांना आली, जुलैत टेस्लाची मॉडेल वाय ६० लाखांच्या आसपास आली आणि आमच्या नागपुरात धरमपेठेपासून बेसापर्यंतचे पगारदार चौकशीला लागले. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आणि मोठ्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के, त्यामुळे ओढ वाटणं साहजिक आहे. पण त्याच त्या चुका पाहून आता जीव जळतो.

हप्ता बसतो म्हणून गाडी घेणं

"भाऊ, हप्ता बसते ना, मंग काहून घाबराचं?" बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

मनीषनगरचं एक जोडपं माझ्याकडे येतं. दोघांचा मिळून हातात अडीच लाख पगार, वर घराचं कर्ज. ६० लाखांची गाडी घेतली; १० लाख स्वतःचे, ५० लाख कर्ज, ९ टक्क्यांनी सात वर्षं. हप्ता साधारण ८०,४००. दोन वर्षांत नवऱ्याची नोकरी बदलली, पगार उतरला आणि गाडी विकायची वेळ आली. तोवर बँकेत १९ लाखांच्या वर भरून झाले होते, तरी मुद्दल बाकी होतं पावणेएकोणचाळीस लाख, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्यापेक्षा जास्त असतो. बाजारात सगळ्यात चांगला भाव आला ३२ लाख. बँकेचं कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय आरसी बुकावरचा बोजा उतरत नाही, म्हणजे गाडी विकायलाच पावणेसात लाख घालायचे. वहिनींनी बांगड्या गहाण ठेवल्या. त्या माझ्यासमोर बसून पावती दाखवत होत्या, तेव्हा मला बोलायला शब्द सुचले नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट करायला लावतो. बुकिंगच्या आधी सहा महिने हप्त्याएवढ्याच रकमेची आरडी लावा. घराचं कर्ज, मुलांची फी, आईबाबांची औषधं, सगळं सांभाळून सहाही महिने भरली तरच शोरूमची पायरी चढा. कर्ज पाच वर्षांच्या वर नको आणि किमतीच्या निम्मे पैसे स्वतःचे हवेत. यावर लोक चिडतात. "तोवर ऑफर संपून जाईन ना," म्हणतात. संपू द्या. ज्याला सहा महिने थांबवत नाही, त्याने सात वर्षांचं कर्ज घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

संपलेल्या सवलतीवर हिशेब मांडणं

आयकराच्या ८०ईईबी कलमाखालची, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावरची दीड लाखाची वजावट फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना आहे, आणि तीही जुन्या करप्रणालीत. आज गाडी घेणाऱ्याला ती मिळत नाही. शोरूममधला पोरगा काहीही सांगो.

दुकानाच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो, हाही गैरसमज. स्वतःच्या वापराच्या प्रवासी गाडीवर तो मिळत नाही. १० लाखांवरच्या गाडीवर विक्रेता आगाऊ कर म्हणून घेतो तो १ टक्का टीसीएस मात्र विवरणपत्रात वळता होतो. पावती जपून ठेवा.

चार्जिंगचं नंतर पाहू म्हणणं

फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी हे आधी पाहावं. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ६५ युनिटची बॅटरी भरायला वीस तासांच्या वर लागतात. ११ किलोवॉटच्या चार्जरला थ्री फेज लागतं, महावितरणकडून मंजूर भार वाढवावा लागतो आणि पार्किंगपर्यंत केबल न्यायला सोसायटीची परवानगी लागते. ती लेखी घ्या. अध्यक्ष मान हलवतात, आणि पुढच्या सभेत दुसराच कोणी आडवा येतो.

बिलाचंही तसंच. महिन्याला १,२०० किलोमीटर चालवली तर साधारण २०० युनिट जातात. नागपुरात मे महिन्यात एसी रात्रभर चालतो, घर आधीच ५०० युनिटच्या वरच्या टप्प्यात गेलेलं असतं आणि घरच्याच मीटरवर चार्ज केली तर गाडीचे २०० त्याच चढ्या दराने लागतात. एप्रिल-मेची जुनी बिलं काढून त्यावर हिशेब करा, डिसेंबरच्या नाही.

विमा पहिल्या वर्षाचाच पाहणं

पाचही वर्षांचा अंदाज मागा, शोरूमबाहेरूनही दर काढा. झिरो डेप (भरपाईतून सुट्या भागांचा घसारा न कापणारं संरक्षण) आणि बॅटरीचं संरक्षण सोडू नका.

समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिकला असलेल्या टोलमाफीसाठी घेणं

वर्षातून दोनदा मुंबईला जाणाऱ्याने या कारणासाठी गाडी घेऊ नये.

संध्याकाळच्या गारव्यात टेस्ट ड्राइव्ह

दुपारी दोनची वेळ मागा, शक्यतो मे महिन्यात. घरचे चौघे बसवा, एसी पूर्ण लावा, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून घ्या, आणि कागदावरच्या रेंजऐवजी त्या आकड्यावर हिशेब करा.