अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवताय? आधी बेरीज करा: या चुका टाळा

कॉन्फरन्सला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या संशोधनाचा छोटा सारांश, पाठवायची डेडलाइन दोन महिने आधी भिंतीवर लागलेली असते. आमच्या रेसिडेंटला (पीजी करणाऱ्या डॉक्टरला) जाग येते ती शेवटच्या रात्री अकराला. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते, खाली ओळ: "सर, फक्त एकदा नजर टाका, बारापर्यंत टाकायचं आहे." नागपुरात थीसिसचा गाइड म्हणून कित्येक वर्षं हेच पाहून राहिलो. चुकाही त्याच.

सगळ्यात जास्त डोकं उठतं ते आकड्यांनी. मागे एका रेसिडेंटचं सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारावर काम होतं. विदर्भात या पेशंटची वाण नाही, आणि पोरीने मेहनतही मनापासून केली होती. मेथड्समध्ये ६० पेशंट. रिझल्टमध्ये क्रायसिस (अचानक उठणाऱ्या तीव्र वेदना) घेऊन आलेले ३४, इतर कारणांनी आलेले २८. म्हणजे ६२! घाईत माझ्याही नजरेतून सुटलं, कबूल करतो. रिव्ह्यूअरच्या नजरेतून नाही सुटलं. एका ओळीत नकार. दुसऱ्या दिवशी मेडिकल चौकात चहा घेताना विचारलं, "हे दोघं कुठून आले?"

"सर, ते पुन्हा भरती झाले होते नं, म्हणून परत धरले."

वरती माणसं मोजली, खाली अ‍ॅडमिशन. सिकलसेलचा पेशंट पुन्हा पुन्हा भरती होतोच, त्यामुळे ही गफलत या विषयात हमखास होते. गटांतला फरक तपासणारी काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्राची टेस्ट मात्र प्रत्येक नोंद वेगळ्या माणसाची धरून चालते. एकच माणूस दोनदा मोजला, की तिच्यातून निघणाऱ्या पी-व्हॅल्यूवर (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) भरवसा ठेवता येत नाही.

तेव्हापासून मी प्रिंट काढतो. स्क्रीनवर मला चुका दिसत नाहीत. लाल पेनने प्रत्येक आकड्याला गोल, टक्क्याशेजारी "भागिले किती" ते, आणि साधा कॅल्क्युलेटर. दहा मिनिटांचं काम. "एक्सेलने काढलंय सर" म्हणणाऱ्याला आधी ते एक्सेल उघडून दाखवायला लावतो. चॅटजीपीटीकडून लिहून आणणाऱ्यांचं तर विचारूच नका: साधा प्रिव्हॅलन्स स्टडी, म्हणजे आजार किती जणांना आहे एवढंच मोजलेलं, एकालाही औषध दिलेलं नाही, आणि कन्क्लुजनमध्ये पेशंटमध्ये "लक्षणीय सुधारणा"!

एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर पी-व्हॅल्यू ०.००० दाखवतं म्हणून तसंच उतरवू नका. पी < ०.००१ लिहा.

"रिझल्ट्स विल बी डिस्कस्ड" (निकाल तिथे सांगू) असं लिहायची वेळ आली असेल, तर यंदा पाठवूच नका.

२५० शब्दांतले सव्वाशे इंट्रोडक्शनवर उधळू नका. आजार काय असतो ते रिव्ह्यूअरला ठाऊक आहे. माझ्याकडे दोन वाक्यांवर तिसरं गेलं की काट मारतो.

ब्लाइंड रिव्ह्यू (लेखक कोण ते रिव्ह्यूअरला न कळवता होणारी तपासणी) असेल तर मजकुरात कॉलेजचं नाव नको, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एथिक्स कमिटीच्या पत्राचा नंबर जसाच्या तसा चिकटवतात, आणि त्यात कॉलेजची आद्याक्षरं ठळक बसलेली असतात. मजकुरात "मंजुरी घेतली" एवढंच लिहा. नंबरसाठी पोर्टलवर वेगळा रकाना असला तर तिथे भरा.

ज्यांनी फाइल उघडूनही पाहिली नाही त्यांची नावं ऑथर म्हणून घालू नका. यावर मी कॉलेजात भांडणं घेतली आहेत.

वर्डमधून चिकटवलं की कधीकधी ≥ च्या जागी प्रश्नचिन्ह येतं. प्रीव्ह्यू वाचा. आणि "सेव्ह" म्हणजे "सबमिट" नव्हे. पोचपावतीचा मेल आला नसेल, तर तुमचं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अजून ड्राफ्टमध्येच पडलेलं असू शकतं.