काटी थांडा लेक आयर बघायचंय? मग आधी हे वाचा

आधी एक क्लिअर करतो, ऑस्ट्रेलियातलं हे तळं बहुतेक वेळा कोरडंच असतं, नुसता मिठाचा पांढरा थर, 1974 सारखं काठोकाठ भरणं फार क्वचित. पाऊस पडतो लांब क्वीन्सलँडात आणि ते पाणी वाळवंटातून रखडत इथं यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून तिकडच्या पुराची बातमी आली की लगेच धावू नका, पाणी कुठवर पोचलं ते बघत राहा.

पाणी आलं की पेलिकन पक्षी येतातच (यांना कोण सांगतं देव जाणे).

तळ्याजवळच्या मारी किंवा विल्यम क्रीक या गावाहून छोटं विमान घ्या, कारण काठावरून एवढं मोठं तळं दिसतच नाही, वरून मात्र शेवाळामुळे झालेले गुलाबी पट्टे दिसतात. इथल्या मूळ रहिवासी अरबाना लोकांची ही पवित्र जागा, तेव्हा मिठावर गाडी घालायची नाही.