सायबर सिक्युरिटीत माणसं मिळत नाहीत म्हणतात, मग तुम्हाला कॉल का येत नाही? या चुका टाळा

सायबर सिक्युरिटीत माणसांचा तुटवडा आहे हे आता कोथरूडच्या क्लासच्या बोर्डावर पण लिहिलेलं असतं आणि लिंक्डइनवर तर रोजच. खोटं नाहीये ते. पण त्याच वेळी पुण्यात इंजिनिअरिंग करून, वर एखादा कोर्स करून, वर्षभर नुसते अर्ज टाकत बसलेली पोरं पण ढिगानं आहेत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा काय, हे नीट कळलं नाही ना तर पुढच्या सगळ्या चुका आपोआप होतात. मी सॉकमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या यंत्रणांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या सिक्युरिटी टीममध्ये काम करतो, इंटरव्ह्यू पॅनेलवर पण बसतो, त्यामुळे दोन्हीकडचा वैताग रोज बघतो.

तुटवड्याचा आकडा म्हणजे रिकाम्या खुर्च्या असं समजू नका

आयएससी-टू या सायबर सिक्युरिटीची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या अभ्यासात जगभरात साधारण ५५ लाख लोक या क्षेत्रात काम करतात आणि अजून ४८ लाखांच्या आसपास कमी पडतात असं होतं. हा ४८ लाखवाला आकडा सगळे रीलमध्ये ओरडून सांगतात. पण तो कंपन्यांना सुरक्षित राहायला किती माणसं लागतील आणि आहेत किती, यातला फरक आहे. एचआरनी काढलेल्या जागांची बेरीज नाहीये ती. त्याच अभ्यासात माणसं कमी असण्याचं पहिलं कारण लोकांनी काय दिलं, तर बजेट नाही. म्हणजे गरज आहे पण पैसे मंजूर नाहीत, आणि जे थोडे मंजूर होतात ते मॅनेजर चार-पाच वर्षं अनुभव असलेल्या माणसावर घालवतो, कारण फ्रेशरला शिकवायला त्याच्याकडे हात मोकळा असलेला माणूसच नसतो. तुटवडा आहे तो मधल्या आणि वरच्या मजल्यावर. खालच्या दारात हिंजवडी फेज वनच्या सिग्नलसारखी गर्दी आहे.

तेव्हा "डिमांड आहे, लागेलच कुठेतरी" या भरवशावर राहू नका.

क्लासला पैसे भरण्याआधी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. लाख-दीड लाख फी, "१०० टक्के प्लेसमेंट", भिंतीवर हसऱ्या पोरांचे फोटो. फी एकदम जमत नसेल तर लगेच ईएमआय करून देतात, आणि तो ईएमआय म्हणजे बऱ्याचदा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लासला पैसे पहिल्याच दिवशी मिळतात, नंतर शिकवणारा सर सोडून गेला काय किंवा बॅच बंद पडली काय, हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो आणि चुकला तर सिबिल तुमचा खराब होतो. सही करायच्या आधी कर्ज कोणाचं आहे आणि मधेच सोडलं तर काय, हे लेखी मागा. आणि मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांना स्वतः शोधून फोन करा, क्लासनी दिलेल्या नंबरवर नाही.

क्लास वाईटच असतात असं नाही हां. सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी डिटिस हा सहा महिन्यांचा फुल टाइम कोर्स आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन ॲडमिशन, पुण्यात पण चालतो, आणि त्यात नेटवर्किंग-लिनक्स घोटून घेतात हे समोर बसलेल्या पोराकडे बघून कळतं. पण घरी बसून पण बरंच होतं. लिनक्सचा हात बसायला ओव्हरदवायरचं बँडिट, वेबसाठी पोर्टस्विगरची ॲकॅडमी, दोन्ही फुकट. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच लॅपटॉपमध्ये वेगळी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) एक विंडोज, एक लिनक्स, त्यावर नोंदी गोळा करून अलर्ट देणारं वाझू टाका, विंडोजवर काय चाललंय ते टिपणारं सिसमॉन टाका, झाली लॅब. ८ जीबी रॅमवर लॅपटॉप गुदमरतो, १६ असेल तर बरं.

सर्टिफिकेटचा क्रम उलटा लावणं

ज्यांना अजून आयपी आणि सबनेट नीट सांगता येत नाही ती पोरं थेट ओएससीपी या हॅकिंगच्या अवघड सर्टिफिकेटच्या मागे लागतात. ओएससीपीची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची प्रॅक्टिकल, मग रिपोर्ट लिहायला अजून २४ तास. उत्तम परीक्षा आहे, पण पाया नसेल तर पैसे पाण्यात. दुसरं टोक म्हणजे सीईएच हे एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट केलं की झालं असं समजणारे. ती १२५ प्रश्नांची पर्याय निवडायची परीक्षा आहे, पुण्यातल्या बऱ्याच एचआरला ते नाव माहीत असतं म्हणून सीव्ही पुढे सरकतो हे खरं, पण टेक्निकल राउंडला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. आणि सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या सर्टिफिकेटचं तर विचारूच नका, त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, डिग्रीनी फार तर एक वर्ष सूट मिळते, अनुभव नसताना पास झालात तर फक्त असोसिएट म्हणवता येतं. फ्रेशरनी त्यात वर्ष घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नेटवर्किंग, मग सिक्युरिटी प्लस सारखं सुरुवातीचं एखादं सर्टिफिकेट, मग नोकरी, आणि पुढचं शक्यतो कंपनीच्या पैशानी.

सीव्हीवर टूल्सची जत्रा, आणि लॉग दिला की शांतता

एनमॅप, बर्प, मेटास्प्लॉइट, वायरशार्क, नेसस, स्प्लंक, क्यूरडार, सगळं एका ओळीत. लिहिलंय तर विचारणार ना. एनमॅपमध्ये सिन स्कॅन आणि कनेक्ट स्कॅनमध्ये फरक काय, सिन स्कॅनला रूट का लागतं, इथेच निम्मे गळतात. हॅशिंग आणि एन्क्रिप्शन यात गोंधळ करणारे तर इतके भेटतात की मी आता तो प्रश्न पहिल्यालाच विचारतो, दोघांचा वेळ वाचतो.

मला जास्त इंटरेस्ट असतो तो लॉगमध्ये, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याच्या नोंदीत. समजा मी एवढंच दाखवलं: रात्री दोनच्या सुमारास एका विंडोज सर्व्हरवर एकाच युजरच्या नावानी ४६२५ नंबरच्या नोंदींची लाइनच लागलीये, सेकंदाला दोन-तीन, आणि मग एकच ४६२४, लॉगॉन टाइप १०. काय झालं?

"सर, ब्रूट फोर्स आहे, आयपी ब्लॉक करणार." दहातले आठ जण इथे थांबतात. चूक नाहीये ते, एकामागून एक पासवर्ड मारून बघणं म्हणजेच ब्रूट फोर्स, पण अर्धवट आहे. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे जमलेलं, टाइप १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. म्हणजे तो माणूस आत आलाय! आता दार लावून काय उपयोग, आत काय करतोय ते बघा. नवीन युजर बनवलाय का, म्हणजे ४७२० दिसतोय का, तो ॲडमिन ग्रुपमध्ये घातलाय का, म्हणजे ४७३२. कुठली प्रोसेस चालवली ते ४६८८ मध्ये दिसेल, पण ते ऑडिटिंग चालू केलेलं असेल तरच, बाय डिफॉल्ट ते बंद असतं, आणि हे एवढं जरी कोणी बोललं तरी मी खूश होतो कारण मग याने स्वतः लॅबमध्ये शोधलंय आणि न सापडून डोकं आपटलंय हे कळतं. एका पोरीनी मला उलट विचारलं होतं, सर ते ४६२५ टाइप ३ दाखवतायत का १०, कारण एनएलए, म्हणजे स्क्रीन उघडायच्या आधीच पासवर्ड तपासायची सोय, चालू असेल तर रिमोट डेस्कटॉपचे फसलेले प्रयत्न टाइप ३, म्हणजे साधं नेटवर्क लॉगिन म्हणून येतात. सहा महिने हेल्पडेस्कला होती ती, सिक्युरिटीचा अनुभव शून्य. घेतली लगेच.

मग मशीन नेटवर्कपासून तोडायचं, अकाउंट बंद करायचं, एल-टूला, म्हणजे पुढच्या पातळीवरच्या अनुभवी माणसाला उठवायचं, लॉग जपून ठेवायचे. आणि हे सगळं दुसऱ्याला कळेल असं चार ओळीत लिहायचं. हे लिहिणं कोणी शिकवत नाही. लॅबमध्ये स्वतःवरच असा हल्ला करून बघा, त्याचा एक पानाचा रिपोर्ट लिहा, त्याची लिंक सीव्हीवर टाका आणि टूल्सची ती ओळ उडवा.

ऑनलाइन इंटरव्ह्यूत एआयला विचारून वाचून दाखवणाऱ्यांना एक विनंती, डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात हो. आणि "निश्चितच, चला टप्प्याटप्प्याने पाहू" असं सदाशिव पेठेतसुद्धा कोणी बोलत नाही.

न विचारता कोणाच्या साइटला हात लावू नका

नोकरी मिळावी म्हणून कोणाच्या तरी वेबसाइटवर स्कॅनर चालवायचा आणि "तुमच्यात बग सापडला, मला कामावर घ्या" असा मेल टाकायचा, हा प्रकार अजून चालतो. परवानगीशिवाय शिरणं हे आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे पोलीस स्टेशनला सांगत बसावं लागतं. बग बाउंटी प्रोग्रॅम असेल, म्हणजे कंपनीनीच बग शोधायला परवानगी आणि बक्षीस ठेवलं असेल, तर त्यात स्कोपमध्ये जे लिहिलंय तेवढंच. बाकी स्वतःची लॅब.

"नाइट शिफ्ट नको"

घरचे नको म्हणतात, खराडीहून पहाटे परत येणं नको वाटतं, सगळं मान्य. पण फ्रेशरसाठी जे दार त्यातल्या त्यात उघडं आहे ते सॉक एल-वनचं, म्हणजे अलर्ट सगळ्यात आधी बघणाऱ्या पातळीचं, आणि सॉक चोवीस तास का चालतो हे पुणेकरांना तरी सांगायला नको. कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवार होता. एटीएमच्या यंत्रणेत मालवेअर घालून, क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले, मग सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून हाँगकाँगला पाठवले, सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. हल्लेखोर सुट्टी बघूनच येतो. दोनेक वर्षं शिफ्ट काढा, पण आंधळेपणानी नाही. जॉइन व्हायच्या आधी विचारा की रोटेशन किती आठवड्यांचं, कॅब आहे का, एका शिफ्टला किती जण, आणि इथून एल-टूला गेलेलं कोणी आहे का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर समजून जा. नुसतं अलर्ट बंद करायचं काम आता टूल्सच करायला लागलीत, तिथे दोन वर्षं बसून काही हाती लागणार नाही.

सगळ्यांनाच हॅकर व्हायचंय

हुडी घालून काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं. पेन टेस्टिंगच्या, म्हणजे परवानगी घेऊन हल्ला करून त्रुटी शोधायच्या जागा मुळात कमी आणि रांग सगळ्यात मोठी. तिकडे जीआरसी, म्हणजे नियम-ऑडिट-रिस्कवालं काम, त्याला माणूस सापडत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानंतर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, सेबीनी ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःची सायबर चौकट आणली, डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जातो. रिझर्व्ह बँकेनी तर नागरी सहकारी बँकांना पण २०१९ च्या शेवटी चार लेव्हलमध्ये बसवलं, आणि सहकारी बँका आपल्याकडे किती आहेत ते बघा जरा. हे सगळं वाचून, समजून, कागदावर आणून, वर ऑडिटरशी बोलणारा माणूस लागतो. बीकॉम झालेले, लॉ झालेले, बँकेत नोकरी केलेले लोक यात मस्त बसतात. आयएसओ २७००१ हे माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक नीट वाचलं तरी बोलायला सुरुवात करता येते. पण हे कोणी सांगतच नाही कारण याचं रील बनत नाही.

आधीच आयटीत असाल, नेटवर्क किंवा सर्व्हर सांभाळत असाल, तर राजीनामा देऊन कोर्स करू नका प्लीज. स्वतःच्याच कंपनीच्या सिक्युरिटी टीमला जाऊन भेटा, पॅचिंगचं, फायरवॉल रूल्सचं काम मागून घ्या. आतून बदली मागणं हे बाहेरून शिरण्यापेक्षा कितीतरी सोपं.

खोटा अनुभव, खोट्या ऑफर

एक्सपिरियन्स लेटर विकत घेऊ नका, यूएएनच्या नोंदीत पीएफ कधी आणि कोणी भरला ते दिसतं, आणि जी नोकरीच विश्वासाची आहे तिथे खोटं पकडलं की विषय संपला. ऑफर लेटर आलं आणि लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं की ती ऑफर नाहीच. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता थोडं माणसं घेणाऱ्यांबद्दल

कारण सगळं खापर पोरांवर फोडणं बरोबर नाही. एंट्री लेव्हलची जाहिरात आणि खाली सीआयएसएसपी मस्ट, हे लिहिणाऱ्याला त्याच्या अटी तरी माहीत आहेत का? एकाच माणसाकडून सॉक, क्लाउड, ऑडिट, शिवाय प्रिंटर बंद पडला तर तोही, अशी अपेक्षा. मग सहा महिने जागा रिकामी ठेवतात आणि वर मीटिंगमध्ये म्हणतात मार्केटमध्ये टॅलेंटच नाही. जाहिरातीत आज लागणारी तीनच कामं लिहा, बाकीचं शिकवा. हेल्पडेस्कच्या पोरांकडे बघा, त्यांना तुमचं नेटवर्क आधीच पाठ आहे. एल-वनला वर जायचा रस्ता दाखवला नाही की तो दीड वर्षात समोरच्या बिल्डिंगमध्ये जातो, आणि तुम्ही परत पहिल्यापासून.

आणि ते "इमिजिएट जॉइनर ओन्ली" काढा बुवा. स्वतःच्या लोकांना ९० दिवसांचा नोटीस पिरियड लावायचा आणि दुसऱ्याकडचा माणूस सोमवारी हवा, असं कसं चालेल?