फोन ठेवला, पण डोक्यात मुलाखत चालूच?

नोकरीसाठी फोनवर होणाऱ्या मुलाखतीत समोरचा चेहरा दिसत नाही, म्हणून नंतर आपण प्रत्येक शांततेचा अर्थ लावत बसतो. ती शांतता बऱ्याचदा समोरच्याने टिपणं लिहिण्याची असते, नाहीतर नेटवर्कची.

फोन ठेवल्याबरोबर 10 मिनिटं काढून कागदावर उतरवा: कोणते प्रश्न आले, काय उत्तर दिलं, कुठे अडखळलात. अर्धवट राहिलेली कामं मनात जास्त रेंगाळतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडलं होतं. कागदावर आलं की तेच तेच घोळवणं जरा सैल पडतं. शिवाय पुढच्या फेरीची टिपणं आयतीच तयार. एखादं उत्तर खरंच चुकलं असेल तर त्याच दिवशी आभाराच्या ईमेलमध्ये दोन ओळींत ते नीट मांडा. दोनच, निबंध नको.

निकाल कधी कळेल हे विचारायचं राहिलं? (मी हमखास विसरतो.) त्याच ईमेलमध्ये विचारा. तारीख मिळाली की कॅलेंडरवर टाका, वर दोन-तीन दिवस सूट धरा आणि तोवर इनबॉक्स फक्त सकाळ-संध्याकाळ उघडा. दुसरीकडचे अर्ज मात्र थांबवू नका.