व्हॅलोरंटसाठी बायोसमध्ये शिरताय? या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की जळगावात आमच्या गल्लीतली दोन-तीन पोरं तरी येतातच, दादा व्हॅलोरंट उघडत नाही, व्हॅन ९००३ एरर दाखवतंय. आणि येण्याआधी गेम दोनदा उडवून परत टाकलेला असतो. अरे भो, विंडोज ११ वर व्हॅनगार्डला, म्हणजे गेममधली चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, टीपीएम २.० (पीसीची सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सेटिंग) दोन्ही लागतात, ९००३ म्हणजे सिक्युअर बूट बंद आहे, ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या सेटिंगमध्ये, चालू करायचं असतं. गेमचा यात काही दोष नाही, उगाच रात्रभर नेट जाळलं.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे डिस्क न बघता सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट होऊ देणारी बायोसची सेटिंग, बंद करणं. माझा भाचा अमळनेरला असतो, त्याच्या जुन्या पीसीवर कोणीतरी जुगाड करून विंडोज ११ चढवलेलं. यानं अर्धा व्हिडिओ बघितला, सीएसएम डिसेबल, सेव्ह, रिस्टार्ट, आणि समोर काळा स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही. रात्री साडेअकराला फोन, "मामा, पीसी गया!" मी म्हटलं काही गेलं नाही, सीएसएम परत चालू कर, विंडोज येईल. पण साहेबांनी तोवर पेनड्राइव्ह लावून अख्खी डिस्क फॉरमॅट मारलेली. मेहुण्यांचा केळीचा तीन वर्षांचा हिशोब त्याच डिस्कवर, बॅकअप कुठेच नाही. ताई अजून मलाच ऐकवते.

झालं काय होतं, तर डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या पार्टिशन पद्धतीची होती, विंडोज लेगसीत, म्हणजे जुन्या बूट पद्धतीत टाकलेलं, आणि सीएसएमशिवाय ते बूटच होत नाही. म्हणून मी आधी रनमध्ये एमएसइन्फो३२ टाकून बायोस मोड बघतो. यूईएफआय, म्हणजे नवी बूट पद्धत असेल तर निम्मं काम झालं. लेगसी असेल तर कामाच्या फायली बाहेर काढायच्या, मग डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजचं एमबीआरटूजीपीटी आधी व्हॅलिडेट लावून चालवायचं, ते पास झालं तरच कन्व्हर्ट, आणि त्यानंतरच सीएसएमला हात. पंधरा मिनिटं जास्त जातात, पण या पोरांना रँक आजच पाहिजे असते.

सिक्युअर बूट इनेबल केलं तरी विंडोज ऑफच दाखवतंय? बहुतेक वेळा सिक्युअर बूटच्या कीज, म्हणजे सॉफ्टवेअर खरं आहे का ते तपासायच्या चाव्या, लोड नसतात. बायोसमध्ये रिस्टोअर फॅक्टरी कीज करा.

टीपीएम नावाचा ऑप्शन सापडत नाही म्हणून बोर्डच जुना ठरवू नका. तेच इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावानं शोधा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर आधी सस्पेंड करा, नाहीतर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल आणि ती कुठल्या मेलवर आहे हे कोणालाच आठवत नसतं.

बायोस अपडेट यूपीएसशिवाय तर करूच नका, आपल्याकडे मे महिन्यात लाईट विचारून जात नाही.

आणि सगळं नीट करूनही दुसऱ्या दिवशी सेटिंग परत जुनी, घड्याळही मागे? मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरलाय, नवा टाका. एका पोरानं याच्यापायी विंडोज तीनदा मारलं होतं.